पोलिश वैमानिक आणि उपकारांची वही

पश्चिम लंडनमध्ये राहणाऱ्या माणसाला 'पोलिश वॉर मेमोरियल'बद्दल विचारलंत तर तो आधी ट्रॅफिकचं रडगाणं सुरू करेल. ए-४० हा हमरस्ता नॉर्थोल्टच्या हवाई तळाला घासून जातो, तिथल्या चौकाचं हे नाव. सकाळी रेडिओवर "पोलिश वॉर मेमोरियलपाशी गाड्या खोळंबल्यात" असं ऐकलं की आम्ही निमूटपणे आतला रस्ता धरतो. चार-पाच वर्षं मी हे नाव असंच ऐकत होतो. पुण्यात 'नळस्टॉप' म्हणताना नळ कुणाच्या डोळ्यांपुढे येतो?

तिथे स्मारक खरोखरच आहे. फिकट दगडाचा स्तंभ, त्यावर पंख उभारलेला ब्राँझचा गरुड आणि कोरलेल्या नावांच्या ओळी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधून लढताना मेलेल्या पोलिश हवाई दलाच्या माणसांचं हे स्मारक २ नोव्हेंबर १९४८ ला उघडलं गेलं. ते घडवणारे शिल्पकार मिएचिस्वाव लुबेल्स्की. त्यांनी पूर्वी पोलंडमधल्या वूच शहरात कोश्चुश्को या राष्ट्रपुरुषाचा पुतळा उभारला होता, तो जर्मनांनी १९३९ मध्येच पाडला. नॉर्थोल्टच्या सर्वांत गाजलेल्या पोलिश स्क्वाड्रनलाही, म्हणजे हवाई दलाच्या तुकडीलाही, त्याच कोश्चुश्कोचं नाव होतं. पुतळा गेलेल्या माणसाला दहा वर्षांनी परमुलुखात त्याच नावाच्या स्क्वाड्रनसाठी दगड घडवावा लागला, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं नाही, नंतर वाचताना कळलं. स्मारकं स्वतःहून फारसं बोलत नाहीत.

मी तिथे गेलो तो मुलीमुळे. तिच्या वर्गाला महायुद्धावर पोस्टर करायचं होतं, आणि आपल्या घराजवळची गोष्ट म्हणून तिने पोलिश वैमानिक घेतले. वर्गात एक पोलिश मुलगा आहे. बाईंनी त्याला मोठ्या कौतुकाने विचारलं, "तुझ्या घरचं कुणी होतं का या स्क्वाड्रनमध्ये?" तो म्हणाला, नाही, पणजोबा शेती करायचे. बाई "अच्छा" म्हणाल्या आणि पुढच्या बाकाकडे वळल्या. एवढंच. मुलगी घरी येऊन म्हणाली, "बाबा, त्याला ना, काहीतरी चुकल्यासारखं वाटलं."

बाईंना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्या मनात चांगलंच होतं. पण त्या प्रश्नामागे एक वही आहे. तुमच्या लोकांनी आमच्यासाठी काय केलं, ते जमेच्या रकान्यात. त्यावरून तुमचं इथलं असणं कितपत रास्त, ते शिल्लक म्हणून खाली. ब्रिटनमध्ये पोलिश वैमानिकांची आठवण आज बहुतेक वेळा या वहीत निघते. आणि माझं म्हणणं असं आहे की अशी आठवण काढून आपण त्या मेलेल्यांना न्याय देत नाही आणि इथे जगणाऱ्यांनाही नाही.

आधी त्यांनी केलं काय ते नीट सांगायला हवं, कारण ते मुळातच भारी आहे, त्याला वरून मुलामा लागत नाही.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंड गिळला. वैमानिक रुमानिया-हंगेरीमार्गे फ्रान्सला पोचले. जून १९४० मध्ये फ्रान्सही पडलं, तेव्हा ब्रिटनला. इथल्या अधिकाऱ्यांच्या लेखी ही दोनदा हरून आलेली माणसं. इंग्रजी येत नव्हतं. उंची मीटरमध्ये मोजायची सवय, इथे सगळं फुटांत. फ्रेंच विमानात इंजिनाचा जोर वाढवायचा तर दांडा मागे ओढायचा, ब्रिटिश विमानात पुढे ढकलायचा. त्यांच्या स्वतःच्या जुन्या पीझेडएल विमानांची चाकं कायमच खाली असायची. ब्रिटिशांच्या हरिकेन या लढाऊ विमानाची उतरण्याआधी आठवणीने काढावी लागत, विसरलं की विमान पोटावर. ही चूक कौशल्याची नव्हे, हाताच्या सवयीची. उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशात जाऊन आलेल्या कुणालाही ती कळेल.

२ ऑगस्ट १९४० ला नॉर्थोल्टवर कोश्चुश्कोच्या नावाचं ते ३०३ स्क्वाड्रन उभं राहिलं. पोलिश वैमानिकांच्या डोक्यावर थोडे इंग्रजी बोलणारे अधिकारी. त्यातला एक कॅनडाचा जॉन केंट. त्याने विमानाशी संबंधित पोलिश शब्द, उच्चार कळेल अशा इंग्रजी अक्षरांत, आपल्या उड्डाणाच्या पोशाखाच्या पायावर लिहून ठेवले होते. हवेत अडलं की मान खाली घालून वाचायचे. त्याची माणसं पुढे त्याला 'केंटोव्स्की' म्हणायला लागली. मला या सगळ्या इतिहासात हा माणूस फार आवडतो. भाषा शिकायची जबाबदारी नेहमी आलेल्यावरच असते असं आपण धरून चालतो, आणि इथे एक जण मांडीवर परकी भाषा लिहून विमान उडवत होता.

३० ऑगस्टला ३०३ सरावाच्या उड्डाणावर असताना लुद्विक पाश्केविचला शत्रूची विमानं दिसली. त्याने रेडिओवर सांगितलं, उत्तर आलं नाही. तो रांग सोडून गेला आणि एक विमान पाडून परतला. शिस्त मोडली म्हणून बोलणी बसली, पाठोपाठ शाबासकीही मिळाली, आणि दुसऱ्याच दिवशी स्क्वाड्रन लढाईत उतरलं. २७ सप्टेंबरला पाश्केविच मारला गेला. चार आठवडे मिळाले त्याला.

जर्मन हवाई हल्ले परतवणाऱ्या त्या लढाईत, म्हणजे 'ब्रिटनच्या लढाईत', ३०३ च्या नावावर १२६ विमानं पाडल्याची नोंद झाली, हरिकेन उडवणाऱ्या स्क्वाड्रन्समध्ये सर्वांत जास्त. ब्रिटिश लढाऊ विमानदळाचा प्रमुख डाउडिंग याने नंतर कबूल केलं की पोलिश स्क्वाड्रन्स नसती तर निकाल हाच लागला असता असं म्हणायला आपण कचरू.

इथे खरं तर थांबायला हवं. पण वही भरायची म्हटली की आकडे फुगतात. 'पोलिशांनी ब्रिटन वाचवलं' अशा मथळ्याचे मेसेज दर सप्टेंबरात फिरतात. ब्रिटनच्या लढाईत उतरलेले हवाई योद्धे जवळपास ३,०००, त्यांतले पोलिश १४५. शंभरात पाच. १२६ हा आकडाही दाव्यांचा आहे. एकच विमान दोघांनी पाडल्याचं सांगणं त्या धुमश्चक्रीत सगळ्याच बाजूंच्या सगळ्याच स्क्वाड्रन्समध्ये घडत होतं, आणि नंतरच्या संशोधनात तो बराच खाली येतो. ३०३ मधला सर्वांत यशस्वी वैमानिक, १७ विमानं नावावर असलेला योसेफ फ्रांतिशेक, तर पोलिश नव्हताच, तो चेक. हे सांगितलं की काही पोलिश मित्रांना राग येतो. मला तो समजतो. पण ज्याचं मोठेपण खोट्या आकड्यावर टेकवलं, त्याचं मोठेपण आकडा खोडला की खोडता येतं, हे त्यांना कुणी तरी सांगायला हवं.

दुसरं असं की वहीत फक्त लढाऊ वैमानिक मावतो. रुबाबदार, एकटा, स्पिटफायर या गाजलेल्या लढाऊ विमानातला. ब्रिटनमध्ये पोलिश हवाई दलात सगळी मिळून १७,००० च्या आसपास माणसं होती, बायकाही होत्या. त्यांतली बहुसंख्य कधी विमान उडवायला बसलीच नाहीत. इंजिनं उघडणारी, बाँब चढवणारी, पॅराशूट घडी घालणारी. ३०० क्रमांकाचं बाँबफेकी स्क्वाड्रन आधी जुनाट फेअरी बॅटल आणि शेवटी लँकेस्टर घेऊन वर्षानुवर्षं रात्री जर्मनीवर जात होतं. ३०७ हे रात्रीच्या लढाईचं स्क्वाड्रन एक्सेटर शहराच्या रक्षणाला होतं. त्यांनी १५ नोव्हेंबर १९४२ ला शहराला पोलिश झेंडा भेट दिला. आणि १५८६ क्रमांकाची तुकडी. ऑगस्ट १९४४ मध्ये वॉर्सात उठाव झाला, तेव्हा ही माणसं दक्षिण इटलीतल्या ब्रिंडिसीहून अख्खा युरोप ओलांडून शस्त्रं आणि औषधं टाकायला जात होती. स्टालिनने जवळच्या सोव्हिएत तळांवर उतरायला मनाई केलेली, त्यामुळे तेवढंच अंतर परत. खाली जळत होतं ते त्यांचं स्वतःचं शहर. ब्रिटनच्या उपकारांच्या हिशेबात हे कुठे लिहिणार? ते तर ब्रिटनसाठी नव्हतंच.

नॉर्थोल्टच्या दगडावरही सुरुवातीला जागा पुरली नव्हती. १९४८ मध्ये प्रत्यक्ष मोहिमेवर मेलेल्यांचीच नावं कोरली गेली. सरावात किंवा अपघातात गेलेल्यांना १९९६ पर्यंत थांबावं लागलं, तेव्हा आणखी साडेसहाशेच्या वर नावं आली. धुक्यात डोंगराला धडकलेला विशीतला पोरगा अठ्ठेचाळीस वर्षं दुय्यम मेलेला होता.

आता १९४६. या भागाबद्दल मी थोडा सविस्तर लिहिणार आहे, कारण शाळेच्या पोस्टरवर तो कधीच नसतो.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टात चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन या तीन मोठ्यांनी पोलंडचं भवितव्य ठरवलं. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातल्या कम्युनिस्ट सरकारला दिली. म्हणजे ज्या सरकारची शपथ घेऊन ही माणसं लढली, ते सरकार एका सकाळी कागदावरून गेलं. अनेकांची गावं आता सोव्हिएत हद्दीत. मार्च १९४६ मध्ये परराष्ट्रमंत्री बेव्हिन यांच्या सहीचं पत्र पोलिश सैनिकांच्या हातात पडलं: मायदेशी परत जा, देश उभारायला तुमची गरज आहे. कामगार संघटनांमधून विरोध सुरू झाला होता. हे इथे राहिले तर आमच्या नोकऱ्या आणि घरं खाणार. वाक्य ओळखीचं वाटतं ना?

८ जून १९४६ ला लंडनमध्ये विजयाचं संचलन निघालं. त्याबद्दल सर्वत्र सांगितली जाणारी कथा अशी की ब्रिटनने पोलिशांना बंदी घातली. घडलं ते याहून गुंतागुंतीचं, आणि माझ्या मते जास्त कडू. निमंत्रण गेलं वॉर्साच्या सरकारला. तिथून कुणी आलं नाही. पश्चिमेत लढलेल्या पोलिश फौजांना बोलावणं नव्हतं. मग टीका झाल्यावर ब्रिटनच्या लढाईतल्या २५ पोलिश वैमानिकांना, ब्रिटिश हवाई दलाबरोबर चाला, असं सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला. इटलीत मॉन्ते कासिनोला लढलेली, नौदलातली, पायदळातली आपली माणसं बाहेर उभी ठेवून आम्ही तेवढे चालणार नाही.

वहीचा पहिला पुरावा मला या निमंत्रणात दिसतो. १९४६ मध्येच कुणी तरी ठरवलं होतं की पोलिशांतले वैमानिक तेवढे दाखवण्याजोगे आहेत. आणि त्या पंचवीस जणांनी ते तेव्हाच नाकारलं होतं. आज आपण पुन्हा नेमकं तेच निमंत्रण दर वर्षी पाठवत असतो.

काही परत गेले. स्तानिस्वाव स्काल्स्की, पोलंडचा सर्वांत नावाजलेला लढाऊ वैमानिक, १९४७ मध्ये मायदेशी गेला. पुढच्या वर्षी हेरगिरीच्या आरोपाखाली अटक, मग फाशीची शिक्षा, ती जन्मठेपेवर आली, आणि १९५६ मध्ये सुटका. 'देश उभारायला या' म्हणणाऱ्या पत्राचा हाही एक शेवट. जे राहिले त्यांच्यासाठी १९४७ मध्ये खास कायदा झाला आणि एक लाखाच्या वर पोलिश माणसं इथे स्थायिक झाली. ओस पडलेल्या लष्करी छावण्यांत, अर्धगोल पत्र्याच्या बराकींत. वेल्समधल्या पेन्रॉसचा हवाई तळ तर पुढे पोलिशांची वसाहतच झाला. यान झुम्बाख हा ३०३ मधलाच नामांकित वैमानिक. विमानावर डोनाल्ड डकचं चित्र मिरवायचा. युद्धानंतर तो तस्करीत गेला, मग आफ्रिकेत कटांगा आणि बिआफ्रा या फुटून निघालेल्या प्रांतांसाठी भाडोत्री वैमानिक म्हणून उडला. पोस्टरवर त्याला कुठे बसवायचं? मी तर म्हणेन बसवावंच. देव्हाऱ्यात ठेवलेल्या माणसाची फक्त पूजा होते, चौकशी होत नाही.

वहीचा खरा दोष असा की ती कुणाच्याही हाती लागू शकते. २००९ च्या युरोपीय निवडणुकीत ब्रिटिश नॅशनल पार्टी या स्थलांतरितविरोधी पक्षाने प्रचाराच्या पोस्टरवर दिमाखात स्पिटफायर छापलं. विमानावरची अक्षरं होती 'आरएफ'. ती ३०३ ची अक्षरं. पोलिश कामगार नकोत म्हणणाऱ्यांनी पोलिश स्क्वाड्रनचं विमान लावलं होतं! तेव्हा सगळे हसले, मीही. पण नंतर विचार केला तर हसणंही वहीतलंच होतं. जणू विमान खरोखर ब्रिटिश स्क्वाड्रनचं असतं तर पोस्टर ठीक होतं.

जून २०१६ मध्ये ब्रेक्झिटच्या मतदानानंतर तीनच दिवसांनी हॅमरस्मिथमधल्या पोलिश सांस्कृतिक केंद्राच्या दारावर कुणी तरी रंगाने शिव्या लिहून गेलं. लोक फुलं घेऊन गेले, ते चांगलंच झालं. पण उत्तर म्हणून जो तो ३०३ चं नाव घेत होता: यांच्या आजोबांनी आपल्याला वाचवलं. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये ५ लाख ४६ हजार लोकांनी पोलिश ही आपली मुख्य भाषा सांगितली. त्यांतले बहुतेक २००४ मध्ये पोलंड युरोपीय संघात गेल्यानंतर आलेले, आणि त्यांच्यापैकी किती जणांचा आजोबा वैमानिक असणार? ज्याचा नव्हता, त्याच्या दारावर लिहिलेलं चालेल काय?

हे मी पोलिशांना शहाणपण शिकवायला लिहीत नाही. आपणही तेच करतो. इथे कुणी "परत जा" म्हणालं की माझ्याच तोंडून पटकन निघतं, "दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाख हिंदी सैनिक होते." पगडी बांधून लढाऊ विमान उडवणाऱ्या महिंदरसिंग पुज्जींचा पुतळा ग्रेव्हजेंडला २०१४ मध्ये उभा राहिला, त्याचा फोटो मीही अभिमानाने फिरवलाय. पुतळा हवाच होता. पण मी इथे आलो तो सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी, माझ्या घराण्यात कुणी बंदूक हातात धरलेली नाही, आणि पुज्जींच्या पगडीआड उभं राहून भांडण्याचा मला काय अधिकार?

मी मूळचा कोल्हापूरचा. लहानपणी आम्ही गांधीनगरला कापड घ्यायला जायचो. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची ती वसाहत. तिच्याआधी तिथे वळिवड्याची पोलिश छावणी होती हे मला कॉलेजात असताना कळलं. १९४३ ते १९४८ या काळात जवळपास पाच हजार पोलिश, मुख्यतः बायका आणि मुलं, तिथे राहत होती. पूर्व पोलंडमधून सोव्हिएतांनी उचलून सायबेरिया-कझाकस्तानात टाकलेली, तिथून इराणमार्गे आलेली. कित्येकींचे नवरे, भाऊ, मुलगे ब्रिटिशांबरोबर लढणाऱ्या पोलिश फौजेत. १९४७-४८ मध्ये छावणी मोडली तेव्हा अशा सैनिकांच्या घरची माणसं बोटीने इंग्लंडला गेली, आणि इथल्या त्याच पत्र्याच्या बराकींत उतरली. वळिवड्याच्या कौलारू खोलीतून इंग्लंडच्या हिवाळ्यात.

आणि आम्ही कोल्हापूरकर? महावीर उद्यानात स्तंभ आहे, वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान तिथे गेले तेव्हा आमच्या ग्रुपवर दिवसभर जल्लोष चालला होता. 'आम्ही पाच हजार पोलिशांना पोसलं.' पाहुणचार खराच होता, म्हातारी झालेली ती मुलं तो सांगायला परत परत कोल्हापूरला येत राहिली. पण छावणीचा खर्च सुरुवातीला लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारमार्फत येत होता, हे ग्रुपवर सांगितल्यावर मला "तू कुणाच्या बाजूने आहेस रे?" असं विचारलं गेलं. म्हणजे वही आमच्याकडेही आहे. फक्त आम्ही देणेकऱ्यांच्या नाही, सावकाराच्या बाजूला बसलोय.

यावर एक आक्षेप येतो, तो मी झटकून टाकणार नाही. विसरण्यापेक्षा उपकार म्हणून आठवणं बरं नाही का? २०१७ मध्ये ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयाच्या प्रदर्शनासाठी लोकांनी स्पिटफायरचा आवडता वैमानिक निवडायचा होता. यादीत अनेक गाजलेली नावं, आणि निवडून आला फ्रान्चिशेक कोर्नित्स्की, वय शंभर. पोलंडमधून आणि इथल्या पोलिशांकडून मतांचा पूर लोटला. त्या मतांमागे हिशेबच होता, पण इतकी वर्षं दुर्लक्षित राहिलेल्या माणसांचा. अशा वेळी 'नीट संदर्भासकट आठवा' म्हणणं थोडं सुखवस्तू वाटतं, मान्य. तरी मला वाटतं, दोनांतून एक निवडायची वेळ आलेलीच नाही. दगड आहे, झेंडे आहेत, कार्यक्रम होतात. कमी आहे ती ८ जूनची. १५ सप्टेंबरला ब्रिटनची लढाई साजरी होते, नोव्हेंबरात युद्धात मेलेल्यांच्या आठवणीला खसखशीची लाल फुलं छातीवर लागतात; ८ जूनला मात्र नॉर्थोल्टच्या त्या चौकात फक्त ट्रॅफिक असतं. पंचवीस माणसांनी ज्या संचलनात चालायला नकार दिला, त्याचा दिवस शाळेत सांगायला काय हरकत आहे? बेव्हिन यांचं पत्र मुलांना वाचून दाखवा. पुढे स्काल्स्कीचं काय झालं तेही सांगा. मग ब्रिटन या गोष्टीत नुसता वाचवला गेलेला देश उरत नाही, त्याच्याकडेही काही उत्तरं मागावी लागतात.

मुलीच्या पोस्टरवर शेवटी तीन माणसं आली: पाश्केविच, स्काल्स्की आणि कोर्नित्स्की. कोर्नित्स्कीने युद्धात लढाऊ स्क्वाड्रन चालवलं आणि १९५० च्या दशकात तो ब्रिटिश हवाई दलात गेला तो खानपान विभागात, हे तिने खाली बारीक अक्षरात लिहिलं. त्या पोलिश मुलाने तेवढंच वाचलं म्हणे.

"म्हणजे हा जेवणाचं बघायचा?"

"हो."

"माझी आईपण हॉस्पिटलच्या किचनमध्ये आहे," तो म्हणाला, आणि मग दोघं मिळून स्पिटफायरला रंग द्यायला बसली.